उष्णतेला अंश देणारा कारागीर : डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट

विद्यार्थी मित्रांनो, स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे येतात. राजे, सेनानी, समाजसुधारक, साहित्यिक यांची नावे तुम्हाला पाठ असतात. या वर्षी ज्याची हकीकत मी सांगणार आहे, त्याचे नाव तुमच्या घराघरात आहे, पण तो माणूस कोण होता हे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील. घरात कुणाला ताप आला की आई थर्मामीटर काढते, काखेत लावते आणि एकशे दोन आहे म्हणून सांगते. एकशे दोन काय? तर अंश फॅरनहाइट. फॅरनहाइट हे माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस पंधराव्या वर्षी यतीम झालेला, व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेला, हाताने काच फुंकून पोट भरणारा एक कारागीर होता.

२०२० साली साथीच्या काळात आपल्या पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर कपाळाला पिस्तुलासारखे यंत्र लावून ताप पाहत असत. आमच्या शेजारच्या एका कामगाराला गेटवर छत्तीस पॉइंट पाच सांगितले. घरी थर्मामीटरवर नेहमी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव पाहणारा तो माणूस घाबरून गेला; अंगातली उष्णता एकदम साठ अंशांनी उतरली की काय असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर यंत्राचे बटण कुणीतरी फिरवले होते, तेव्हा आकडा सत्त्याण्णव पॉइंट सात आला. अंग तेच, ताप नाहीच, आकडे मात्र दोन. असे का, हे समजण्यासाठी आपल्याला सव्वातीनशे वर्षे मागे आणि समुद्रापलीकडे जावे लागेल.

डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट याचा जन्म २४ मे १६८६ रोजी बाल्टिक समुद्रकाठच्या डान्झिग या बंदरात झाला. हे शहर तेव्हा पोलंडच्या राज्यात होते. आज त्याला ग्दान्स्क म्हणतात. घराणे जर्मन भाषिक व्यापाऱ्यांचे, खाऊनपिऊन सुखी. पाच भावंडांत डॅनिएल थोरला. त्याला शिकवणीचे गुरुजी होते आणि लवकरच तो शहरातल्या मोठ्या विद्यालयात जाणार होता.

१४ ऑगस्ट १७०१ या दिवशी हे सारे संपले. विषारी अळंबी खाण्यात आल्याने आई आणि वडील दोघेही एकाच दिवशी मरण पावले. पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या पाठची चार भावंडे उघड्यावर पडली. शहराच्या रिवाजाप्रमाणे मुलांवर पालक नेमले गेले. धाकट्यांना वेगवेगळ्या घरी ठेवण्यात आले, आणि थोरल्याने विद्यालयाचा नाद सोडून धंदा शिकावा असे ठरले. १७०२ साली त्याला हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम येथे एका व्यापाऱ्याकडे चार वर्षांच्या उमेदवारीवर पाठवले. हिशेब लिहावेत, मालाची ने-आण पाहावी आणि पुढे वडिलांसारखे व्यापारी व्हावे, असा बेत होता.

पालकांना दोष देणे सोपे आहे. परंतु पाच पोरक्या मुलांची जबाबदारी ज्यांच्या अंगावर आली, त्यांनी थोरल्याला कमावता करण्याचा मार्ग धरला यात वावगे काही नाही. आपल्यापैकी किती तरी पालकांनी हाच निर्णय घेतलेला आहे. दहावी झाली की मुलाला आय.टी.आय.ला किंवा थेट एखाद्या वर्कशॉपमध्ये घालावे, कारण घरात धाकटी आहेत. डॅनिएलच्या पालकांची चूक असलीच तर ती पुढची आहे. मुलाचे मन कशात आहे, हे दिसू लागल्यावरही त्यांनी ते पाहिले नाही.

ॲम्स्टरडॅम हे त्या काळी उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांचे शहर होते. भिंगे, दुर्बिणी, वजनकाटे, हवेचा दाब दाखवणाऱ्या नळ्या असा माल तेथील दुकानांतून मिळे. इटलीतील फ्लॉरेन्सच्या पद्धतीचे थर्मामीटरही तेथे होते. काचेच्या नळीत रंगीत मद्यार्क भरलेला. ऊन लागले की चढे, थंडी पडली की उतरे. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या या पोराचे लक्ष त्या नळ्यांत गुंतले. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो स्वतः असे थर्मामीटर आणि वायुभारमापक बनवून विकूही लागला. उमेदवारी संपली तशी त्याने व्यापाराला रामराम ठोकला आणि १७०७ साली तो भटकंतीला निघाला. जर्मन मुलूख, स्वीडन, डेन्मार्क, जेथे जेथे काच फुंकणारा किंवा उपकरणे करणारा उस्ताद असेल तेथे तेथे तो गेला. याच वर्षी आपल्याकडे अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेबाचा मृत्यू झाला, म्हणजे काळाचा अंदाज यावा.

पालक संतापले. त्यांच्या विनंतीवरून त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले. पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ढकलायचे, म्हणजे जहाजावर चढवून पूर्वेकडे रवाना करायचे असा विचार होता. ज्या कंपनीची वखार आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला होती आणि जिच्या इमारतीचे पडके अवशेष तेथे आहेत, तीच ही कंपनी. वॉरंट अमलात आले असते तर फॅरनहाइट हे नाव कुठल्यातरी जहाजाच्या हजेरीपटावर राहिले असते.

१७०८ साली बावीस वर्षांचा हा फरारी उमेदवार कोपनहेगनला ओले रोमर यांच्या दारात जाऊन उभा राहिला. रोमर म्हणजे मोठी असामी. प्रकाशाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वेळ लागतो, हे गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून १६७६ साली त्यांनीच दाखवले होते. शिवाय ते त्या वेळी शहराचे प्रमुख प्रशासक होते. ज्याच्या नावाने वॉरंट आहे त्याने शहराच्या प्रमुखाकडेच जावे, याला धाडस म्हणावे की भोळेपणा, मला सांगता येत नाही. रोमरनी त्याला आपली थर्मामीटर पाहू दिली आणि ती कशी आखतात हे दाखवले.

आता हे आखणे म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण आपल्या साऱ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे. त्या काळी थर्मामीटर पुष्कळ होते, पण दोन थर्मामीटर एकमेकांशी जुळत नसत. प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीने नळीवर रेघा मारी. एकाचा वीस म्हणजे दुसऱ्याचा चाळीस की साठ, हे कुणालाच सांगता येत नसे. पॅरिसच्या विद्वानाने लिहिलेला आकडा लंडनच्या विद्वानाला निरुपयोगी होता. किराणा दुकानदाराने आपल्या अंगणातला दगड वजन म्हणून वापरावा तसा हा प्रकार. रोमर यांची युक्ती साधी होती. निसर्गात ज्या घटना नेहमी एकाच उष्णतेला घडतात, त्या खुणेच्या जागा धराव्यात. वितळणारा बर्फ ही एक जागा, उकळते पाणी ही दुसरी. त्यांच्या मापात बर्फ साडेसात अंशांवर आणि उकळते पाणी साठ अंशांवर होते.

फॅरनहाइटने ही युक्ती उचलली आणि आपल्या कारागिरी बुद्धीने तिला घासून पुसून घेतले. साडेसात हा अपूर्णांक आखायला त्रासाचा, म्हणून त्याने रोमरच्या प्रत्येक अंशाचे चार भाग केले. बर्फ तीस अंशांवर आला आणि माणसाच्या अंगाची उष्णता नव्वदच्या जागी आली. काही वर्षांनी त्याने तीसचे बत्तीस आणि नव्वदचे शहाण्णव केले. हा बदल पाहून कुणालाही हसू येईल. तीस-नव्वदसारखे सुटसुटीत आकडे टाकून बत्तीस आणि शहाण्णव कशाला? पण आखणी करून पाहा. बत्तीस आणि शहाण्णव यांत चौसष्ट अंशांचे अंतर आहे. चौसष्टचे अर्धे बत्तीस, त्याचे अर्धे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. कंपासाने अंतराचे अर्धे करीत गेले की सहा वेळांत एकेक अंशाची रेघ उमटते. मोजपट्टी लागत नाही. शून्यापासून बत्तीसपर्यंत पाच वेळा अर्धे केले की झाले. टेबलाशी बसून रोज रेघा मारणाऱ्याला हे सोयीचे होते.

आणि शून्य? ते त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाच्या थंडीला दिले. आपल्या मोहल्ल्यात कल्हईवाला भांडी घेऊन बसायचा, तो तापलेल्या पातेल्यात जी पांढरी पूड टाकून धूर काढायचा, तोच हा नवसागर. बर्फात तो मिसळला की मिश्रण साध्या बर्फापेक्षा कितीतरी गार होते. म्हणून फॅरनहाइटच्या मापात पाणी शून्यावर न गोठता बत्तीसवर गोठते. शाळेत सूत्र पाठ करताना ते बत्तीस कुठून टपकले असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर ते या नवसागराच्या भांड्यातून आले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे त्याची धावपळीत गेली. कधी डान्झिग, कधी बाल्टिककाठची दुसरी शहरे. १७११ मध्ये आईवडिलांच्या मालमत्तेचा निकाल लावण्यासाठी तो गावी आला. १७१३ च्या सुमारास त्याने मद्यार्काऐवजी पारा भरून प्रयोग सुरू केले, आणि १७१४ साली बर्लिन व ड्रेस्डेन येथे काच फुंकणाऱ्यांबरोबर बसून काम केले. पारा निवडण्यात त्याचे चातुर्य होते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागतो; मग उकळत्या पाण्याची उष्णता त्याने मोजायची कशी? पारा ३५७ अंशांपर्यंत उकळत नाही, उणे ३९ च्या आसपासपर्यंत गोठत नाही, काचेला चिकटत नाही आणि उष्णता वाढेल तसा बऱ्याच सारख्या प्रमाणात फुगतो. अडचण अशी की तो फार थोडा फुगतो. त्याची हालचाल डोळ्यांना दिसायची तर नळीचे छिद्र केसासारखे बारीक आणि आरपार सारखे हवे, आणि पारा अगदी निर्मळ हवा. काच फुंकण्याचे हुन्नर ज्याच्या अंगात मुरले आहे, त्यालाच हे जमणार. तळाचा गोल फुगाही त्याने बदलला आणि लांबट नळकांडे केले, म्हणजे उष्णता लवकर आत पोचते.

१७१४ सालीच हाले शहरातील नामवंत प्राध्यापक क्रिस्तियान वोल्फ यांच्याकडे त्याने दोन थर्मामीटर पाठवले. हे मद्यार्काचेच होते. वोल्फनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, आणि दोन्ही जवळजवळ तंतोतंत एकच आकडा दाखवू लागले. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण त्या काळी असे क्वचितच पाहायला मिळे. वोल्फनी त्यावर लेख छापला. अठ्ठावीस वर्षांच्या कारागिराचे नाव विद्वानांच्या वर्तुळात गेले.

१७१७ च्या सुमारास तो पुन्हा ॲम्स्टरडॅमला आला आणि मग तेथलाच झाला. दुकान मांडून वायुभारमापक, द्रवांचे विशिष्ट गुरुत्व मोजणारी उपकरणे आणि पाऱ्याचे थर्मामीटर विकणे हा त्याचा व्यवसाय. जोडीला तो रसायनशास्त्रावर व्याख्यानेही देई. लायडनचे विख्यात वैद्य हेर्मान बूरहावे हे त्याचे गिऱ्हाईक. एकदा त्याच्या दोन थर्मामीटरांत किंचित फरक पडतो अशी बूरहावे यांची तक्रार आली. साधा दुकानदार असता तर माल बदलून देऊन मोकळा झाला असता. फॅरनहाइटने कारण शोधले आणि ते काचेत सापडले. दोन नळ्या वेगवेगळ्या प्रकारच्या काचेच्या होत्या, आणि काचही उष्णतेने फुगते, पण प्रत्येक जात सारखी फुगत नाही.

१७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले आणि सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे पाच निबंध लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाले. विद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाचे हे निबंध आहेत. वेगवेगळे द्रव किती अंशांवर उकळतात याचा तक्ता त्यात आहे; पाण्यासमोर २१२ हा आकडा आहे. काचेच्या बंद गोळ्यातले स्वच्छ पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही कधी कधी पातळच राहते आणि धक्का लागताच त्यात क्षणात बर्फ होतो, हे त्याने पाहून नोंदवले. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदूही सरकतो, हेही त्याने दाखवले. महाबळेश्वरला डाळ शिजायला पुण्यापेक्षा वेळ का लागतो, याचे उत्तर त्यातच आहे.

आता दुसऱ्या गृहस्थाकडे थोडक्यात वळू. स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्राचे प्राध्यापक अँडर्स सेल्सिअस यांचा जन्म १७०१ चा, म्हणजे डॅनिएल पोरका झाला त्याच वर्षीचा. घराणे विद्वानांचे. १७४२ साली त्यांनी बर्फ आणि उकळते पाणी यांच्यामध्ये बरोबर शंभर भाग करावेत असे मांडले. गंमत अशी की त्यांनी शून्य उकळत्या पाण्याला आणि शंभर बर्फाला दिले होते! १७४४ मध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर लवकरच हे माप उलटे करून सध्याच्या रूपात आले. बरीच वर्षे लोक त्याला सेंटिग्रेड म्हणत. सेल्सिअस हे नाव १९४८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले.

विद्यार्थी मित्रांनो, रूपांतराचे सूत्र तुम्हाला पाठ आहे, ते आता पाहा कसे उलगडते. एका इमारतीत दोन जिने आहेत असे समजा. खालचा मजला म्हणजे वितळता बर्फ, वरचा मजला म्हणजे उकळते पाणी. सेल्सिअसच्या जिन्याला शंभर पायऱ्या आहेत. फॅरनहाइटच्या जिन्याला २१२ वजा ३२, म्हणजे १८० पायऱ्या आहेत, कारण त्या लहान आहेत. शिवाय फॅरनहाइटने मोजणी तळघरापासून धरल्याने खालच्या मजल्यावर पोचेपर्यंतच त्याच्या बत्तीस झालेल्या असतात. १०० ला १८० हे ५ ला ९ झाले. म्हणून सेल्सिअसच्या आकड्याला ९ ने गुणून ५ ने भागायचे आणि बत्तीस मिळवायचे. उलट जाताना आधी बत्तीस वजा करून मग ५ ने गुणून ९ ने भागायचे. तोंडी करायचे असेल तर सेल्सिअसची दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा हिस्सा कमी करा, बत्तीस मिळवा. ३७ ची दुप्पट ७४, त्यातून ७.४ गेले ६६.६, अधिक ३२ झाले ९८.६. गेटवरच्या आमच्या शेजाऱ्याचे ३६.५ याच रीतीने ९७.७ होतात.

या ९८.६ चीही एक कथा आहे. फॅरनहाइटने निरोगी माणसाला ९६ अंश दिले होते. त्याच्या मृत्यूनंतर मापाच्या पक्क्या जागा ३२ आणि २१२ या ठरवल्या गेल्या आणि त्यामुळे अंगाची उष्णता थोडी वर सरकली. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगचे डॉक्टर वुंडरलिख यांनी हजारो रोग्यांचा ताप मोजून १८६८ च्या ग्रंथात सरासरी ३७ अंश सेल्सिअस मांडली. त्या सदतीसचे कुणीतरी सूत्राने रूपांतर केले आणि ९८.६ आले. म्हणजे ज्या आकड्याला आपण अगदी काट्याने तोललेला समजतो, तो एका ढोबळ आकड्याचा तर्जुमा आहे. मुलाचा ताप ९८.९ दिसला म्हणून रात्र जागवणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवावे. निरोगी शरीराची उष्णता सकाळ-संध्याकाळ आणि माणसामाणसागणिक थोडी वरखाली होतच असते.

जिन्याचा दाखला मी उगाच दिला नाही. त्यामागे माझ्या स्वतःच्या फजितीची आठवण आहे. उमेदीच्या काळात भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर शिकाऊ होतो. परदेशी गिऱ्हाइकाच्या कामाचा ड्रॉइंग आला. त्यावर भट्टीची उष्णता १५५० अंश फॅरनहाइट, आणि फरक पंचवीस अंश वर किंवा खाली चालेल असे होते. आमच्या भट्टीचा मीटर सेल्सिअसचा. मी गणितात हुशार म्हणून रूपांतराचे काम माझ्याकडे आले. १५५० मधून ३२ गेले १५१८, त्याचे ८४३ झाले; ते बरोबर होते. मग मी पंचवीसलाही तेच सूत्र लावले. पंचवीसमधून बत्तीस वजा केले, उत्तर उणे चार आले. उणे का आले हे कळेना, तेव्हा उणे खोडून टाकले आणि कागदावर चार अंशांचा फरक लिहून दिला. रात्रपाळीला भट्टी आठ-नऊ अंश हलत होती, जशी ती रोजच हले. सकाळी चार्ट पाहून आख्ख्या खेपेला लाल रंग मारून ती भंगाराच्या बाजूला लावली गेली. उस्तादांची मजुरी आणि माझा स्टायपेंड दोन्ही धोक्यात होते.

वाचवले ते आमच्या जुन्या फोरमनचाचांनी. ते स्वतः चौथी शिकलेले. माझा कागद पाहून त्यांनी एवढेच विचारले की, पंचवीस पायऱ्या चढायच्या असतील तर तळघर मध्ये कशाला आणतोस? बत्तीस हा आकडा जागेसाठी आहे, अंतरासाठी नाही. जिन्यावर आपण कुठे उभे आहोत हे सांगायचे तर तळघर मोजावे लागते. किती पायऱ्या चढलो हे सांगायचे तर फक्त पायरीची उंची बघायची. पंचवीस फॅरनहाइट अंशांचा फरक म्हणजे पंचवीस गुणिले पाच भागिले नऊ, सुमारे चौदा सेल्सिअस अंश. खेप हार्डनेसच्या तपासणीत पास झाली आणि रवाना झाली. ही चूक आजही होते. अमेरिकेत रोजच्या व्यवहारात अजून फॅरनहाइटच चालतो, आणि आपल्या पट्ट्यातला माल तिकडे जातो. तेव्हा चाकणच्या एखाद्या नव्या कारखान्यात तुमच्या हाती असा ड्रॉइंग आला, तर हे ध्यानात असू द्या. हुशार मुलांच्या हातूनच ही चूक अधिक होते, असा माझा अनुभव आहे, कारण सूत्र त्यांना पाठ असते.

आपला हा परिसर उष्णता मोजण्यावरच उभा राहिला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. पिंपरीला १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पेनिसिलिन होऊ लागले. ज्या बुरशीपासून हे औषध मिळते, तिला टाकीत साधारण पंचवीस अंश सेल्सिअसची उष्णता लागते. वाढताना ती स्वतःच उष्णता सोडते, म्हणून टाकीला सतत थंड पाण्याने आवरावे लागते. थोडक्याच अंशांची हयगय झाली तरी उत्पादन घसरते. पुढे मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले, त्यांच्यामागे ओतकाम, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, रंगाच्या भट्ट्या आल्या. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून आले, म्हणून त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धत आली आणि हवामानाच्या बातम्यांत सेल्सिअस रुळला. घरातला ताप मात्र फॅरनहाइटमध्येच राहिला. त्यामुळे आपल्या मुलांना दोन्ही जिने चढता यावे लागतात.

पुन्हा ॲम्स्टरडॅमला जाऊ. फॅरनहाइटने लग्न केले नाही. रॉयल सोसायटीचा सभासद झाला तरी हातात पैसा फारसा राहिला नाही. नवी उपकरणे करून पाहण्यात तो जात असावा. वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो पाणी उपसण्याच्या एका यंत्राच्या मागे लागला होता. हॉलंडची बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली, तेव्हा असे यंत्र जमले तर देशाचेही भले आणि कर्त्याचेही. त्याच्या पेटंटसाठी १७३६ च्या ऑगस्टमध्ये तो हेग शहरी आला आणि एका परिचिताच्या घरी उतरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो आजारी पडला. ७ तारखेला नोटरीला बोलावून मृत्युपत्र करावे लागले, ११ तारखेला त्यात बदल करायला नोटरी पुन्हा आला, आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी त्याचे निधन झाले.

चार दिवसांनी हेगच्या क्लोस्टरकेर्क या चर्चमध्ये त्याला पुरले. अंत्यविधी चौथ्या वर्गाचा झाला. जो निष्कांचन मरतो त्याच्यासाठी हा वर्ग होता.

त्याच्या हातचे थर्मामीटर फार थोडे शिल्लक आहेत. लायडनला बूरहावे यांच्या नावाचे विज्ञानाचे संग्रहालय आहे, तेथे ते जपून ठेवले आहेत. पितळी पट्टीवर बसवलेली बारीक काचेची नळी, आत पारा, आणि बाजूला त्याने मारलेल्या एकेका अंशाच्या रेघा.